सभाधीटपणा कमावता येतो

चारचौघांत उभे राहून बोलायचे म्हटले की भल्याभल्यांची जीभ टाळूला चिकटते. पण सभाधीटपणा हा काही जन्मतः मिळणारा गुण नाही. नजर स्वतःवरून काढून समोरच्या माणसावर ठेवली, तर तो कोणालाही कमावता येतो.

रायपूर शहराच्या उत्तरेला, बीरगावला लागून उरला ही औद्योगिक वसाहत आहे. छत्तीसगड हे २००० साली वेगळे राज्य झाले, त्याच्याही आधीपासूनची, मध्य प्रदेशाच्या काळातली. लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या, सळया काढणाऱ्या रोलिंग मिल, फेरोअलॉयचे कारखाने येथे दाटीने उभे आहेत. अशा कारखान्यात सर्वांत अवघड भाषण कोणते असेल? वार्षिक सभेत साहेब करतात ते? नाही. पाळी सुरू होण्यापूर्वी सुपरवायझरने कामगारांसमोर उभे राहून पाच-दहा मिनिटे सुरक्षेबद्दल बोलायचे असते, ते!

समोरच्यांपैकी कोणी रात्री नीट झोपलेला नसतो, कोणाचे लक्ष घड्याळाकडे असते, कोणी ठेकेदाराकडे कालच लागलेला असतो. टाळ्या मिळणार नसतात. पण बोलणे समजले नाही, तर त्याची किंमत कोणाच्या तरी हाताने, डोळ्याने किंवा जिवाने मोजावी लागते. सादरीकरण म्हणजे कोटवाल्यांचे आणि पडद्यावर चित्रे दाखवणाऱ्यांचे काम, असे ज्यांना वाटते त्यांनी या पाच मिनिटांचा विचार करून पाहावा.

आपल्याकडे म्हण आहे, बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे सोनेही विकले जात नाही. नोकरीची मुलाखत, मुलाचे विज्ञान प्रदर्शन, बँकेत कर्ज मागायला गेलेल्या बचत गटाच्या महिला, सोसायटीची बैठक, अशा कितीतरी ठिकाणी आपले सोने न विकता परत घरी येते. असे का होते, आणि त्यावर उपाय काय?

भीती कोणाला वाटत नाही?

आधी भीतीबद्दल बोलू. बोलायला उठताना छाती धडधडणे, तोंडाला कोरड पडणे, तळव्यांना घाम येणे हे दुबळेपणाचे लक्षण नाही. संकटाची चाहूल लागली की शरीर ॲड्रिनॅलिन सोडते आणि हृदय जोरात चालू लागते. समोर वाघ असो वा पन्नास माणसे, शरीराला फरक कळत नाही.

रायपूरकरांना तर याचे फार जवळचे उदाहरण आहे. स्वामी विवेकानंद बालपणी सुमारे दोन वर्षे रायपुरात राहिले होते. येथील विमानतळालाही त्यांचेच नाव दिले आहे. ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत त्यांनी केलेले भाषण जगभर गाजले. पण त्या दिवशी त्यांची अवस्था काय होती? मद्रासमधील आपले शिष्य अळसिंगा पेरुमल यांना त्यांनी नंतर पत्रातून मोकळेपणाने कळवले, की काळीज धडधडत होते, जीभ कोरडी पडली होती आणि सकाळच्या सत्रात बोलण्याचे धाडसच झाले नाही. दुपारी ते उठले आणि बोलले. म्हणजे भीती गेली म्हणून ते बोलले नाहीत, भीती असताना बोलले.

गांधीजींची कथा याहून बोलकी आहे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात ते पहिल्याच खटल्यात उलटतपासणीसाठी उभे राहिले. डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि खटला दुसऱ्या वकिलाकडे सोपवण्यास सांगितले. हे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहिले आहे. पुढे १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियात तेथील हिंदी व्यापाऱ्यांसमोर ते बोलले. विषय होता, व्यापारातील सचोटी. हेच आपले आयुष्यातले पहिले खरे भाषण, असे ते मानत.

मधल्या काळात काय बदलले? स्वभाव तर तोच होता. पण कोर्टात त्यांचे लक्ष स्वतःकडे होते, ‘मी कसा दिसतोय, मला जमेल का?’ प्रिटोरियात ते समोरच्या माणसांकडे होते. त्या व्यापाऱ्यांना सांगण्यासारखे, त्यांच्या उपयोगाचे काहीतरी त्यांच्यापाशी होते. सभाधीटपणाची गुरुकिल्ली हीच आहे.

आणखी एक दिलासा. आपली घाबरगुंडी सगळ्यांना दिसतेच आहे, असे बोलणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ती फार थोडी दिसते. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे आढळले. ज्यांना ही गोष्ट आधीच सांगितली होती, ते इतरांपेक्षा चांगले बोललेही! तेव्हा ‘माफ करा, मी जरा घाबरलो आहे’ अशी सुरुवात कधीही करू नका. जे लोकांना दिसत नव्हते, ते तुम्हीच कशाला दाखवता?

सांगायचे काय, ते एका वाक्यात

बहुतेक सादरीकरणे फसतात ती व्यासपीठावर नाही, घरी तयारी करतानाच. बोलणारा माहिती गोळा करत जातो आणि ती सगळीच सांगायला निघतो. त्याऐवजी कागदावर एकच वाक्य लिहा. माझे बोलणे ऐकून समोरच्या माणसाने उद्या काय करावे?

आपण उरल्यातील भट्टीचेच उदाहरण घेऊ. इंडक्शन भट्टीत भंगार वितळवतात. पावसाळ्यात उघड्यावर पडलेले भंगार ओले होते. कधी त्यात बंद तोंडाचा डबा किंवा पाइप असतो आणि त्याच्या पोटात पाणी अडकलेले असते. असे भंगार वितळलेल्या लोखंडात गेले, तर पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. ती मिळाली नाही की वाफ वरचे तापलेले लोखंड उसळवून बाहेर फेकते. भट्टीजवळ उभ्या असलेल्याचे काय होत असेल, ते सांगायला नको.

आता सुपरवायझरने कागद काढून वाचले, ‘सर्व कामगारांना सूचित करण्यात येते की आर्द्रतायुक्त धातूचा भट्टीत भरणा करणे धोकादायक आहे,’ तर कोणाच्या डोक्यात काय शिरणार? माना डोलतील आणि भट्टी तशीच भरली जाईल.

तोच सुपरवायझर असे म्हणाला तर? ‘घरी गरम तेलाच्या फोडणीत ओला कढीपत्ता टाकला की काय होते? तडतडून तेल अंगावर उडते की नाही? बायको मागे सरकते. फोडणीचे तेल दोनशे अंशांच्या आसपास तापलेले असते. आपल्या भट्टीतले लोखंड सोळाशे अंशांवर आहे. आज भंगार टाकण्यापूर्वी ते कोरडे आहे का पाहा. डबा बंद असेल तर बाजूला काढा आणि मला हाक मारा.’

हे कोण विसरेल? येथे माहिती तीच आहे. पण कामगाराला ती त्याच्या स्वयंपाकघरात सापडली, आकड्याला जोडीला दुसरा आकडा मिळाला आणि शेवटी काय करायचे ते नेमके सांगितले गेले. नुसते ‘सोळाशे अंश’ म्हटले तर तो आकडा हवेत तरंगतो. शेजारी फोडणीचे तेल ठेवले की तो चटका देतो.

माणसे बदलली की बोलणे बदला

हाच विषय मालकासमोर मांडायचा असेल तर? तेथे फोडणी उपयोगाची नाही. भंगारावर पत्र्याची शेड हवी, हे त्यांना पटवायचे आहे. त्यांचा प्रश्न असतो, खर्च किती आणि फायदा काय. म्हणून पहिल्याच मिनिटात मागणी सांगा, ‘मला भंगारासाठी शेड हवी आहे, तिला इतका खर्च येईल.’ मग भट्टी एक दिवस बंद राहिली तर किती नुकसान होते, तो तुमच्याच कारखान्याचा आकडा ठेवा. शेवटी शेड किती दिवसांत उभी राहील ते सांगा. कोंबडे झाकून ठेवल्यासारखी मुख्य गोष्ट शेवटपर्यंत लपवू नका.

आणि तुमच्या मुलीने हाच प्रयोग शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडला तर? परीक्षकांना तिने काय पाहिले आणि ती त्यावरून काय समजली, हे ऐकायचे असते. तक्त्यावरचा मजकूर घडाघड म्हणून दाखवणाऱ्या मुलीपेक्षा ‘मला आधी वाटले होते असे, पण झाले वेगळेच’ असे सांगणारी मुलगी त्यांच्या लक्षात राहते.

बचत गटाच्या महिलांनाही हेच लागू पडते. बँकेत साहेबांसमोर बसल्यावर गट कधी स्थापन झाला, अध्यक्षा कोण, इथून सुरुवात करू नये. किती रक्कम हवी, कशासाठी हवी आणि ती कशी फेडणार, ही तीन वाक्ये आधी. बाकीचे ते विचारतील तेव्हा.

भाषा कोणती?

उरल्यासारख्या ठिकाणी मराठी माणसापुढे एक वेगळाच पेच असतो. घरी मराठी, कार्यालयात हिंदी, पडद्यावर इंग्रजी आणि समोरचे कामगार आपापसात छत्तीसगढी बोलणारे! हिंदीत ‘ने’ कुठे लावायचा, शब्द स्त्रीलिंगी की पुल्लिंगी, या धास्तीनेच अनेकांचे तोंड बंद होते.

अशांनी माधवराव सप्रे यांची आठवण ठेवावी. मराठी घरात जन्मलेल्या या गृहस्थांनी १९०० साली छत्तीसगडमधील पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत नेले. पुढे १९२४ मध्ये ते हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. मातृभाषा मराठी असणे हा त्यांना अडसर झाला नाही.

तुम्हाला काही ग्रंथ लिहायचा नाही. व्याकरणाच्या एखाद्या चुकीवर कोणी हसले, तर तुम्हीही हसा आणि पुढे बोला. मात्र वस्तूंची नावे समोरची माणसे जी वापरतात, तीच वापरा. कामगार ज्या यंत्राला जे नाव देतात, ते नाव पुस्तकातील नावापेक्षा जास्त कामाचे. दोन-चार शब्द त्यांच्या छत्तीसगढीतले आले, तर माणसे सरसावून बसतात.

गाडगेबाबांकडून काय शिकावे?

श्रोत्यांना गुंतवून ठेवण्याची कला शिकण्यासाठी परदेशी पुस्तकांकडेच धाव घेण्याचे कारण नाही. आपल्या विदर्भातच तिचे सर्वांत मोठे विद्यापीठ होऊन गेले. ते म्हणजे अमरावती जिल्ह्यात जन्मलेले संत गाडगेबाबा (१८७६–१९५६). त्यांच्याकडे ध्वनिक्षेपकाची ऐट नव्हती, शाळेचे शिक्षण नव्हते. पण त्यांच्या कीर्तनाला हजारो माणसे बसत.

त्यांची रीत पाहा. ते लोकांना प्रश्न विचारत आणि लोक एका आवाजात उत्तर देत. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. असे करत करत कर्ज काढून सण करणे, देवापुढे बकरे कापणे, मुलांना शाळेत न घालणे यांतील खुळेपणा लोकांच्याच तोंडून वदवला जाई. भाषा अस्सल वऱ्हाडी, उदाहरणे शेतातली आणि घरातली. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. दिवसा हातात खराटा घेऊन ते गाव झाडत आणि संध्याकाळी स्वच्छतेवर बोलत. आधी करणे, मग सांगणे! म्हणून त्या शब्दांना वजन होते.

यातून आपण तीन गोष्टी घेऊ शकतो. पहिली, दर दोन-तीन मिनिटांनी एक साधा प्रश्न विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा. ती शांतता तुम्हाला लांबलचक वाटेल, पण ती तीन-चार सेकंदांचीच असते. दुसरी, बरोबर उत्तर देणाऱ्याचे कौतुक करा, चुकलेल्याला खजील करू नका. तिसरी, जे स्वतः करत नाही ते सांगू नका. हेल्मेट न घालता सुरक्षेवर बोलणाऱ्या साहेबाचे भाषण तेथेच संपलेले असते.

पडदा तुमच्यासाठी, तुम्ही पडद्यासाठी नाही

१९८७ मध्ये पॉवरपॉइंट बाजारात आले आणि सादरीकरणाचे रूपच पालटले. सोय झाली, तशी खोडही लागली. अनेक जण आपले सगळे भाषणच स्लाइडवर लिहितात आणि श्रोत्यांकडे पाठ करून ते वाचतात. लोक मनात वाचतात आणि तुमच्यापुढे निघून जातात. मग तुमची गरजच काय?

एका स्लाइडवर एकच मुद्दा ठेवा, थोडे शब्द किंवा एक ठळक चित्र. अक्षर इतके मोठे, की शेवटच्या रांगेतल्या चष्मेवाल्यालाही वाचता यावे. शक्य असेल तेथे चित्राऐवजी खरी वस्तूच हातात धरा. बंद तोंडाचा पाइपचा तुकडा उचलून दाखवला, तर दहा स्लाइडचे काम होते. आणि वीज गेली किंवा प्रोजेक्टर बंद पडला तरी बोलता येईल, अशी तयारी ठेवा.

थोडक्यात बोलण्याचे मोलही विसरू नका. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेत गेटिसबर्ग येथे नामांकित वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले. त्यांच्यानंतर अब्राहम लिंकन जेमतेम दोन-तीन मिनिटे बोलले. आज जगाला आठवते ते लिंकनचे भाषण. दहा मिनिटे दिली असतील तर आठ मिनिटांची तयारी करा. दोन मिनिटे प्रश्नांना लागतातच.

घर हीच पहिली सभा

पाठांतर करू नका. पाठ केलेला एक शब्द निसटला की मागचे सगळे डबे रुळावरून घसरतात. पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक वाक्य मात्र पक्के असू द्या. मधले तीन मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा.

मग उभे राहून, मोठ्याने बोलून सराव करा. मनातल्या मनात केलेला सराव म्हणजे काठावर बसून शिकलेले पोहणे! रात्री जेवणे झाल्यावर घरच्यांना समोर बसवा. बायकोला, आईला, मुलाला सांगा, ‘पाच मिनिटे ऐका आणि मग मी काय म्हणालो ते मला सांगा.’ तुमच्या कामाची माहिती नसलेल्या आईला जर मुद्दा कळला, तर तो कोणालाही कळेल. ती जेथे ‘म्हणजे काय रे?’ म्हणेल, तेथे तुमचे वाक्य बदला. ‘छान झाले’ या शेऱ्यावर समाधान मानू नका.

मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका. ‘म्हणजे’, ‘काय आहे की’, ‘ॲक्चुअली’ हे आपण किती वेळा म्हणतो, ते ऐकून हसू येईल. त्यांच्या जागी नुसते थांबा. थांबणारा माणूस गोंधळलेला नाही, विचार करणारा वाटतो.

मुलांनाही लहानपणापासून हा सराव द्या. पाहुण्यांसमोर ‘कविता म्हणून दाखव’ असा आग्रह धरून त्यांना रडकुंडीला आणू नका. त्याऐवजी ‘आज शाळेत काय झाले, आजोबांना सांग’ म्हणा आणि त्यांचे वाक्य पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्था, गणेशोत्सवातील कार्यक्रम, महिला मंडळाची बैठक ही सगळी सरावाची घरगुती मैदाने आहेत. तेथे आभारप्रदर्शनाची दोन वाक्ये मागून घ्या. पुढच्या वेळी पाहुण्यांचा परिचय. पायरी पायरीनेच माणूस माडीवर चढतो.

बोलायला उठण्यापूर्वी

• दहा मिनिटे आधी पोहोचा. जागा पाहा, एक-दोघांशी गप्पा मारा. अनोळखी सभेत दोन चेहरे ओळखीचे होतात.
• श्वास सावकाश सोडा, घेताना लागला त्याहून जास्त वेळ. धडधड कमी होते. एक घोट पाणी प्या.
• ‘मी घाबरलोय’ असे मनाला सांगण्याऐवजी ‘मला उत्साह आला आहे’ असे सांगा. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे म्हणणाऱ्यांची भाषणे सरस ठरली.
• उभे राहिल्यावर लगेच सुरू करू नका. लोकांकडे पाहा, मनात दोन अंक मोजा आणि पहिले वाक्य शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असे बोला.
• एक विचार पूर्ण होईपर्यंत एकाच माणसाकडे पाहा, मग दुसऱ्याकडे. छताकडे किंवा बुटांकडे नको.
• उत्तर येत नसेल तर ‘माहिती काढून उद्या सांगतो’ म्हणा, आणि उद्या खरोखर सांगा.

खरी परीक्षा कोणती?

सादरीकरण कसे झाले, हे टाळ्यांवरून ठरवू नका. शेवटी एखाद्याला सहज विचारा, ‘मग आता तुम्ही काय करणार?’ भट्टीवरचा नवा कामगार जर म्हणाला, ‘ओला माल टाकणार नाही, बंद डबा दिसला तर तुम्हाला हाक मारीन,’ तर तुमचे भाषण उत्तम झाले. मग तुमचा आवाज थरथरला असेल, हिंदीचे लिंग चुकले असेल, एखादा मुद्दा राहून गेला असेल, तरी हरकत नाही. त्या कामगाराने तुमचे वक्तृत्व घरी नेले नाही. पाळी संपल्यावर तो स्वतः धडधाकट घरी गेला, यापेक्षा मोठी दाद कोणती?